रथ, राजा आणि गिअरबॉक्स

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजाला दर वेळी नाही म्हणावे लागते. सुट्या भागांच्या मेळालाच आपण रथ म्हणतो. मोटारीचा गिअरबॉक्स बदलावा का, हा निर्णयही याच विचाराने घ्यावा. बिघाड एका भागाचा आहे की मेळच मोडला आहे, हे आधी पाहावे. चढावर इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी वेग धरत नाही, तेव्हा बहुधा क्लच प्लेट झिजलेली असते. गिअरबॉक्स निर्दोष असतो. एकाच गिअरला खरखर होत असेल तर सिंक्रोनायझर रिंग बदलून भागते. दाते तुटले, केसिंगला तडा गेला, तरच अख्खा गिअरबॉक्स बदलणे योग्य. मग तोही जुना बसवायचा असेल तर आधी उघडून तपासलेला असावा.

कोणी म्हणेल, खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होतो. पण बाजारभाव विकणाऱ्याच्या कामाचा. वापरणाऱ्याने गाडीची उरलेली वर्षे मोजावीत. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: आजवर इतका पैसा ओतला, आता कशी सोडायची? हा युक्तिवाद नाही, ही आसक्ती आहे. बौद्ध विचार तिला उपादान म्हणतो, म्हणजे धरून ठेवणे. गाडी ठेवली काय, सोडली काय, गेलेला पैसा गेलेलाच असतो. इंजिन आणि सांगाडा धड असेल तर गिअरबॉक्स बदलावा. सांगाडाच गंजून सडला असेल तर गाडी भंगारात द्यावी.