फ्लोराईड कुणी घातले?

यूटा राज्याने २०२५ मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळायला बंदी घातली, पाठोपाठ फ्लोरिडानेही घातली, आणि तिकडचे भांडण बघता बघता रायपूरच्या मोबाइलांवर येऊन पोचले. सरकार पाण्यातून विष पाजते आहे, असा मजकूर आधी हिंदीत फिरला. मग कुणीतरी त्याचे मराठी केले आणि तो तात्यापारा, चौबे कॉलनीतल्या आपल्या मंडळींच्या गटांतही आला. दुसऱ्या बाजूचाही मजकूर तयारच होता: फ्लोराईड दातांसाठी वरदान, विरोध करणारे विज्ञानाचे शत्रू. ज्या पाण्यावरून हे हमरीतुमरीवर आले त्यात फ्लोराईड कुणी घालतच नव्हते. रायपूरच्या नळाला खारूनचे पाणी येते, गंगरेल धरणातून कालव्याने सोडलेले महानदीचे पाणी त्याला जोड देते. शुद्धीकरणात त्यात तुरटी पडते, क्लोरीन पडतो, बस्स. सार्वजनिक पाण्यात फ्लोराईड मिसळण्याचा कार्यक्रम भारतात नाहीच.

अमेरिकेतला वाद मला पोकळ वाटत नाही. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहरात सुरू झालेला पाण्यात फ्लोराईड मिसळण्याचा प्रयोग, त्यातून कमी झालेली दातांची कीड, पुढे फ्लोराईडची टूथपेस्ट घरोघर पोचल्यावर उतरत गेलेला त्याचा फायदा, हे सगळे नोंदलेले आहे. २०२४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. तिथल्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड आणि मुलांची कमी बुद्ध्यांकपातळी यांचा संबंध मध्यम खात्रीने मांडला. आणि एका संघीय न्यायाधीशाने तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेला या प्रश्नाची दखल घेण्याचा आदेश दिला. तिकडे मिसळायचे प्रमाण आहे लिटरला ०.७ मिलिग्रॅम. ज्या दीडच्या आकड्यापुढे त्यांना काळजी वाटू लागते, तो आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या राष्ट्रीय मानकात 'दुसरा स्रोत नसेल तर चालेल' म्हणून छापलेला आहे. आपले वादपटू हा आकडा वाचत नाहीत.

भारतातही फ्लोराईड मिसळा म्हणणाऱ्या दंतवैद्यांना एवढेच विचारावे, की ते आधीच जास्त नाही अशा कुठल्या जिल्ह्यात? आणि टूथपेस्टच्या नळीत कटकारस्थान शोधणाऱ्यांनी तिच्यावर छापलेले प्रमाण वाचावे. कायद्याने हजार भाग प्रति दशलक्ष ही त्याची कमाल मर्यादा आहे.

मला खरे भांडायचे आहे ते तिसऱ्या मताशी. ते सभ्य आहे, शिकलेले आहे, बहुधा अभियंत्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या तोंडी असते, आणि म्हणूनच जास्त नुकसान करते. ते मत असे: 'अमेरिकेत फ्लोराईड सरकार घालते, म्हणून तिथे हक्काचा, संमतीचा प्रश्न येतो. आपल्याकडे ते निसर्गाने घातले आहे. खडकाचा दोष, सरकार काय करणार?'

खडकाचे म्हणणे आधी मान्य करू. रायपूरचे मैदान चुनखडीचे आहे. आसपासचे सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत. इथल्या बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये पांढरा थर बसतो म्हणून आपण कुरकुरतो. पण पाण्यात कॅल्शियम भरपूर असले की फ्लोराईड त्याच्याशी बांधले जाऊन खाली बसते, म्हणून हा जडपणा बऱ्याच अंशी आपला रक्षक आहे. इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर देवभोग. २०१२ मध्ये गरियाबंद जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग रायपूर जिल्ह्यातच होता. तिथला खडक जुना, कठीण, ग्रॅनाइटच्या जातीचा. मैनपूरचे हिरे आणि देवभोगचे अलेक्झांड्राइट याच पट्ट्यातले. अशा खडकात कॅल्शियम कमी असलेले पाणी वर्षानुवर्षे साचून राहिले की त्यात फ्लोराईड विरघळत जाते. मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे येतात, मग तपकिरी. पुढे माणसाची मान वळेनाशी होते, पाठ ताठते. (त्याच भागातले सुपेबेडा मूत्रपिंडाच्या आजाराने देशभर गाजले. तिथल्या मृत्यूंचे एकच एक कारण खात्रीने सिद्ध झालेले नाही, म्हणून ते गाव मी पुरावा म्हणून वापरत नाही.)

इथवर निसर्ग. पण ते पाणी आपण होऊन वर आले नाही. शंभर-दोनशे फुटांखाली खडकाच्या भेगांत पडून असलेले पाणी कुणाच्या पोटात जात नव्हते. लोक तळ्याचे, ओढ्याचे, उथळ विहिरीचे पाणी पीत होते. त्या पाण्याने हगवण होई, नारू होई, पोरे मरत. १९६०च्या दशकाच्या अखेरीच्या दुष्काळांनंतर खडक फोडणारी यंत्रे आली. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कर्मशाळांत घडलेल्या पंपांवरून पुढे 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला आणि देशभर गेला. छत्तीसगडात त्या पंपालाच 'बोरिंग' म्हणतात. या बोरिंगने लाखो जीव वाचवले, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, त्यात तिचाही वाटा आहे. तिचे उपकार मी नाकारत नाही. पण जागा कुणी निवडली? खोली कुणी ठरवली? 'हे पाणी सुरक्षित, तळ्याचे सोडा' असे कुणी सांगितले? सरकारी खात्याने. मग पिशवीतून भुकटी ओतणे हे 'घालणे', आणि फ्लोराईडच्या थरापर्यंत नळी उतरवून वर दांडा बसवणे हे 'निसर्ग', हा भेद कुठून आला?

'तेव्हा माहीत नव्हते,' हे यावरचे पुढचे उत्तर. नेल्लोर भागातल्या फ्लोराईडच्या हाडांच्या आजाराचे वर्णन शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये छापले होते. बोरिंगची मोहीम त्यानंतर तीन दशकांनी आली. माहिती होती, ती ज्याच्या हातात छिद्रयंत्र होते त्याच्या कामाचा भाग नव्हती. त्याला विचारले जाई, पाणी लागले का? काय लागले, ते नाही.

आणि मग शेवटचा आसरा: 'पर्याय काय?' हा प्रश्न प्रामाणिक असता तर मी थांबलो असतो. पण रायपूरला महानदी कालव्याने आणता येते. देवभोगच्या गावांना तेल नदीचे पाणी देण्याची घोषणा मात्र वर्षानुवर्षे ऐकू येते. पर्याय खडकाने काढून घेतलेला नाही. शिवाय फ्लोराईड काढण्याची रीत आपल्याच नागपूरच्या 'नीरी'ने १९७० च्या दशकात बसवली आणि तिला 'नलगोंडा पद्धत' म्हणून जग ओळखते: तुरटी, चुना, ढवळणे, निवळू देणे. सोपी आहे, पण रोज करावी लागते. देवभोग भागात बसवलेली फ्लोराईड निवारण संयंत्रे बंद पडल्याच्या बातम्या येतच असतात, आणि त्यात मला नवल वाटत नाही. संयंत्राचे उद्घाटन एकदाच होते. गाळणीतले रसायन थकले हे ओळखायला पुन्हा मोजावे लागते.

हे मोजणेही लिटरवर थांबून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला सगळे मिळून साधारण ६ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड पोटात जाऊ लागले की हाडांचा धोका वाढत असल्याच्या खुणा दिसतात. १४ ला तो स्पष्ट असतो. आता मे महिन्यात पारा ४२-४५वर असताना शेतात किंवा रोजगार हमीच्या कामावर राबणारे माणूस चार लिटर पाणी सहज पिते. दीडच्या 'चालेल' पाण्यातून तिथेच ६ मिलिग्रॅम झाले. वर बासी आहे: रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी त्या पाण्यासकट खायचा. भात शिजला त्याच पाण्यात, भिजला त्याच पाण्यात. उकळून फ्लोराईड उडून जात नाही, उलट पाणी आटते तसे घट्ट होते. थंड देशातल्या माणसाची तहान गृहीत धरून ठरलेला आकडा इथे उन्हात उभा केला की त्याचा अर्थ बदलतो. अमेरिकेनेही १९६२ मध्ये हवामान बघून उष्ण भागांसाठी मिसळण्याचे प्रमाण कमी ठरवले होते. आपले मानक बस्तर आणि शिमला एकाच ओळीत बसवते.

फ्लोराईडवर उतारा म्हणून चरोट्याची भाजी खा, आवळा खा, दूध प्या, असे सांगणारे आरोग्य कार्यकर्ते चुकीचे सांगत नाहीत. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाचा उपयोग होतो. चरोटा, म्हणजे आपला टाकळा, पावसात फुकट उगवतो. पण दूध फुकट नसते.

म्हणून माझ्या लेखी घातलेले फ्लोराईड आणि मुळात असलेले फ्लोराईड हा भेद फारसा कामाचा नाही. कामाचा भेद आहे राखणीच्या पाण्याचा आणि बेवारस पाण्याचा. ग्रँड रॅपिड्समध्ये ०.७ चे ०.९ झाले तर ते कुणाच्या तरी नोंदवहीत उतरते, त्याला जाब विचारता येतो, आणि झडप बंद करण्याचा अधिकारही त्याला असतो. फ्लोराईड नको म्हणणारा नागरिक तिथे न्यायालयात जाऊ शकतो, कारण घालणारा सापडतो. आमच्या गरियाबंदमध्ये वा यवतमाळच्या फ्लोराईडग्रस्त गावात जास्त फ्लोराईड आहे ते याच कारणाने टिकून आहे, की तिथे घालणारा कुणीच नाही असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. राखणीचे पाणी वाईट असू शकते, माझा त्याबाबत भाबडा समज नाही. पण त्याचे वाईटपण कळते.

जल जीवन मोहिमेत दर गावी पाच बायकांना चाचणीची पेटी देऊन पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. कल्पना चांगली. पण त्यांच्या हाती फक्त मोजणे आहे. परीक्षानळीत रंग बदलला, तर त्यांनी कुणाला सांगायचे, आणि ज्याला सांगितले त्याने किती दिवसांत दुसरे पाणी द्यायचे? राखणीला हे दोन्ही लागते, मोजणाऱ्याचा डोळा आणि थांबवणाऱ्याचा हात. ते वेगवेगळ्या माणसांना दिले, त्यांतला दुसरा जिल्ह्याच्या ठिकाणी बसवला, की पाणी पुन्हा बेवारस.

फ्लोराईड आढळलेल्या हातपंपांना अनेक ठिकाणी लाल रंग देतात. खात्याच्या दृष्टीने तिथे काम संपते: मोजले, सांगितले, नोंद झाली. दांडा मात्र काढत नाहीत, कारण काढला तर दुसरे पाणी द्यावे लागेल. मग घागर घेऊन आलेल्या बाईने लाल रंगाकडे बघायचे आणि स्वतःच ठरवायचे. ती दांडा मारते, आणि उद्या तिच्या पोराच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले तर खात्याच्या कागदात उत्तर तयार असते की सूचना दिलेली होती. रंगाचा डबा घेऊन आलेल्या माणसाने त्याच फेरीत पाना आणावा आणि टँकरच्या वेळेचा कागद आणावा. नुसता रंग लावायचा असेल तर त्याने खाली आपल्या खात्याचे नाव आणि मोजलेला आकडाही लिहावा, म्हणजे घालणारा निदान सापडेल.