पारड्यात काय टाकायचं?



आजच्या वाचनात तुळाभाराची कथा आली. नारदांना दान दिलेले श्रीकृष्ण परत हवेत, तर त्यांच्या वजनाइतकं धन द्यायचं. सत्यभामेने होते नव्हते ते दागिने टाकले, पारडं ढिम्म. हललं ते रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने. लहानपणी वाटायचं, सत्यभामेचं गणित कच्चं. आता वाटतं, गणित चोख होतं, तीच तर अडचण.

हे सुचलं बास्केटबॉलमुळे. (एनबीएच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी असतात, त्यात माझा नित्यपाठ कधी कधी बुडतो. माऊली सांभाळून घेतात.)

जुलै 2018. टोरांटो रॅप्टर्सच्या मसाई उजिरींनी डिमार डिरोझनला सॅन अँटोनिओला देऊन कवाय लेनर्डला आणलं. डिरोझन 9 सीझन तिथेच खेळलेला, 2016 मध्ये जायची मोकळीक असताना राहिलेला. लेनर्ड आदल्या सीझनमध्ये दुखापतीमुळे फक्त 9 मॅच खेळलेला, वर आणखी एका वर्षाने निघून जायची मुभा. तरी ट्रेडमध्ये मोल त्याचंच जास्त! कारण तो 2014 च्या फायनलचा एमव्हीपी, आणि डिरोझनच्या टोरांटोला क्लीव्हलंडने सलग 3 वर्षं प्लेऑफमधून घरी पाठवलेलं, शेवटच्या दोन वेळा तर 4-0.

2019 मध्ये टोरांटो चॅम्पियन झाले. मग सगळे म्हणाले, ट्रेड बरोबरच होता.

मी इथे अडकतो. फिलाडेल्फियाविरुद्ध सातवी मॅच, 90-90, शेवटचा शॉट. लेनर्डचा बॉल रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला. बाहेर पडला असता तर? ओव्हरटाइम, आणि पुढचं कुणी सांगावं! पण उजिरींचा निर्णय तर दहा महिने आधीच झाला होता. तो त्या चार टप्प्यांत बरोबर-चूक कसा ठरेल? गीतेतला दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक आपण स्वतःच्या परीक्षेआधी आठवतो, दुसऱ्याच्या कर्माची किंमत करताना साफ विसरतो. आणि लेनर्ड? त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला गेलासुद्धा.

डिरोझनला लागलं ते ट्रेड झाल्याचं नव्हे, निदान मला तसं वाटतं. हा धंदा आहे हे त्यालाही माहीत होतंच. आपल्याला आधी वेगळंच सांगितलं होतं, हे त्याचं दुःख. उजिरींनी नंतर जाहीर माफी मागितली, बोलण्यात गैरसमज झाला म्हणाले. माणसाचा ट्रेड करता येतो. त्याला दिलेला शब्द मात्र कुठल्या पारड्यात टाकायचा, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितोय? गेल्या आठवड्यात मॅनेजरने विचारलं, टीममधला एक जण दुसऱ्या प्रोजेक्टला द्यायचाय, नाव सांग. मी आकडे बघितले आणि नाव दिलं. आकडे बरोबरच होते. पण दिवाळीत त्याच माणसाला मीच म्हणालो होतो, "तू कुठे जात नाहीस, निवांत राहा."

त्याला अजून कळलेलं नाही. मेल सोमवारी जाणार आहे. आज शनिवार. नंबर समोर आहे, आणि मी मघापासून ही पोस्ट लिहीत बसलोय.