ठेलेवाल्याची पोरगी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी उभं राहायला जागा मिळत नाही. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्यावर झेंडा. पांढुर्णेकरांनी तो काढून चंडीमातेच्या देवळात न्यायचा, पलीकडच्या सावरगावकरांनी तो राखायचा, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर गोटे चालायचे. हीच गोटमार. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा प्रयोग प्रशासनाने केला होता. तो टिकला नाही.

यामागची दंतकथा तिथल्या लहान पोरालाही पाठ असते. पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. मुलीकडच्यांनी दगड मारले, ते पाहून मुलाकडच्यांनीही मारले, आणि ती दोघं पाण्यातच गेली.

तर या गावात एक ठेलेवाला होता असं समजा. एरवी केळी विकायचा. करीच्या दिवशी मात्र ठेला रिकामा करून त्यावर ओली पोती अंथरायचा आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा. डोकं फुटलेला कोणी आला की त्याला घालायचा ठेल्यावर आणि पळत सुटायचा आरोग्य शिबिराच्या तंबूकडे. जखमी कोणत्या काठाचा, हे त्याने कधी विचारलं नाही. गावाला मात्र यात मर्दुमकी दिसत नव्हती. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, याच्याच्यानं गोटा उचलत नाही, म्हणून माणसं उचलते.

त्याची पोरगी आठवीत होती. तिनेही एकदा विचारलं, "बाबा, तुमी काऊन नाही मारत गोटे?"

बाप पोती झटकत होता. म्हणाला, "दोन्हीकडून मारणारे तेव्हाबी होते अन् आताबी हायेत. पाण्यात उतरून त्या दोघांले धरणारा एकबी नव्हता. असता, तर हे सारं कायले झालं असतं?"

पोरीला ते अर्धंच कळलं. आठवीच्या वयात बापाचं बोलणं तेवढंच कळतं.

त्याच वर्षी तिच्या वर्गात एक नवा पोरगा आला. सौंसरकडच्या खेड्यातला. बापाने संत्र्याची बाग ठेक्याने घेतली होती. आंबिया बहाराची फळं पोसायच्या आधीच गळाली आणि अंगावर कर्ज राहिलं. म्हणून पोराला पांढुर्ण्यात मामाकडे धाडलेलं. करीला मामा त्याला गोटमार दाखवायला घेऊन गेला. समोरून रक्ताने भिजलेला माणूस नेताना पाहिला आणि हा पोरगा घेरी येऊन खाली बसला. ते वर्गातल्या एकाने पाहिलं. झालं.

दुसऱ्या दिवसापासून तो 'भेकड्या' झाला. शाळा हिंदी असली तरी चिडवणं चालायचं मराठीतून. घरच्या बोलीतलं टोचणं जास्त खोल जातं. वर्गात एक दांडगा होता. त्याच्या कपाळावर करीची पट्टी होती आणि ती तो पदकासारखी मिरवायचा. तो रोज नव्या पोराचा डबा उघडायचा, भाजी खायचा आणि भाकर परत ठेवायचा. नव्या पोराने त्याचं दप्तर वाहायचं. बाकीचे हसायचे. खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांना हसू येत नव्हतं. उद्या आपली पाळी नको, म्हणून ते हसत होते. दांडग्याचा खरा जोर मनगटात नव्हता, या हसण्यात होता.

एका संध्याकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी नव्या पोराला भिंतीशी उभं केलं. त्याच्या हातात झेंडा म्हणून रुमाल दिला आणि पायाशी खडे मारायला लागले. आधी बारीक, मग जरा मोठे. एक गुडघ्यावर बसला. पोरगा रडला नाही, हललाही नाही. सगळा वर्ग गोल करून उभा होता.

ठेलेवाल्याची पोरगी त्या गोलातून निघाली आणि भिंतीशी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तिने खडा उचलला नाही, शिवी दिली नाही. तिचे पाय लटपटत होते, ते सगळ्यांना दिसलं.

"सरक ना बे पोट्टे," दांडगा ओरडला.

"नाही सरकत."

"तुले लागन."

"लागू दे."

दांडग्याच्या हातातला खडा हातातच राहिला. त्याने मागे पाहिलं, पण या वेळी कोणी हसलं नाही. त्याचं दप्तर सांभाळणाऱ्या एका पोराने ते खाली ठेवलं आणि तो तिथून चालता झाला. बाकीचे होते तिथेच राहिले. गोष्टीत सगळा वर्ग एकदम पुढे येतो, गावात तसं होत नाही. पण तेवढ्याने पुरलं.

पोरगी तिथे थांबली नाही. नव्या पोराला घेऊन ती मास्तरांकडे गेली आणि डब्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगितलं, नावं घेऊन. वर्गाने तिला चार दिवस 'चुगलखोर' म्हटलं. मास्तरांनी दांडग्याच्या घरच्यांना बोलावलं आणि डबा खाणं बंद झालं.

घरी आल्यावर तिने बापाला एक गोष्ट विचारली. दांडग्याच्या काकाला मागच्या करीला बापानेच ठेल्यावर घालून नेलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ते तोंडापर्यंत आलं होतं, पण ती बोलली नव्हती. "म्हनायला पायजे होतं का, बाबा?"

"बरं केलं नाही म्हनलं," बाप म्हणाला. "उपकार काढून दाखवला, का तोबी गोटाच होते."

दिवाळीच्या सुट्टीत नवा पोरगा सौंसरच्या गाडीत बसला. शनिवार होता, जामसावळीच्या हनुमानाला निघालेल्या लोकांनी गाडी भरलेली. दारापाशी एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती आणि सीटवरची तीन जवान पोरं तिच्या चालीची नक्कल करत होती. गाडीत सगळे खिडकीबाहेर बघत होते.

नव्या पोराच्या पोटात गोळा आला. तरी तो उठला, म्हातारीला आपल्या जागेवर बसवलं आणि तिच्या नि त्या तिघांच्या मध्ये दांडा धरून उभा राहिला.

"काय रे, तुही आजी हाय का?" त्यातला एक म्हणाला.

"नाही."

"मंग?"

त्याला काही सुचेना. तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या एका बाईने मागे वळून त्या तिघांना विचारलं, "अन् तुमची कोन हाय ते सांगा आधी!" कंडक्टर तिकिटं फाडत तिथवर आला होता. त्याने तिघांना उठवलं, दाराशी उभं केलं आणि त्या सीटवर कडेवर लेकरं घेऊन उभ्या असलेल्या दोन बायांना बसवलं.