विरजण लागेपर्यंत

दोन समांतर रेषा आणि त्यांच्या मधे प हा बिंदू. वरच्या रेषेवरून एक रेघ प कडे येते, ती वरच्या रेषेशी ५० अंशांचा कोन करते. खालच्या रेषेवरून त्याच बाजूनं येणारी दुसरी रेघ ३० अंशांचा. मग प पाशी या दोन रेघांमधला कोन किती? नववीच्या मुलाला हे उदाहरण घातलं की तो दोन्ही आकडे पाहतो, पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवतो आणि थांबतो. आकृतीत जेवढं दिलंय तेवढ्यावर उत्तर निघत नाही. एक रेषा आपल्या मनानं काढावी लागते, आणि ती कुठली हे कुणी सांगितलेलं नसतं.

मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षं गणित शिकवते. गेल्या वर्षीपासून रोज संध्याकाळी शाळेतल्याच एका खोलीत पंधरा-वीस मुलांना घेऊन बसते. शिकवत नाही, नुसती बसते. ज्याचा त्यानं आपला अभ्यास करायचा, फोन दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, एवढाच नियम. तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट मला दिसायला लागली. उदाहरण अडलं की मुलाचा हात वहीवरून उठतो, मांडीकडे जातो, खिसा चाचपतो आणि रिकामा परत येतो. मुलाला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. उदाहरण सोपं असलं तर हात उठत नाही. नुसता कंटाळा आला तर मुलं शेजाऱ्याशी कुजबुजतात, खिडकीबाहेर बघतात. अडलं की मात्र हात खिशाकडे जातो.

हा हात मला स्वस्थ बसू देत नाही. कारण गणित शिकणं म्हणजे जे काही आहे, ते त्याच क्षणी सुरू व्हायचं असतं. येणारी उदाहरणं सोडवताना मूल सराव करतं. न येणाऱ्या उदाहरणापुढे थांबल्यावर ते शिकतं. आणि नेमक्या त्या वेळी सुटकेचं दार खिशात तयार असतं.

मराठीत आपण लक्ष देतो, आणि आपलं लक्ष लागतंही. देणं आपल्या हातात असतं, लागणं तितकंसं नसतं. दही लागतं तसं लक्ष लागतं. कोमट दुधात विरजण घालून झाकण ठेवलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. फक्त भांडं हलवायचं नाही. दर दहा मिनिटांनी कुणी लागलं का म्हणून ढवळून बघत बसलं तर सकाळी दही मिळायचं नाही, हे कुठल्या घरात सांगावं लागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र भांडं कोण हलवतंय ते न बघता आपण दुधालाच नावं ठेवतो. हल्लीच्या मुलांचं लक्षच नसतं, म्हणून मोकळे होतो.

टेक्सास विद्यापीठाच्या एड्रियन वॉर्ड यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ८०० स्मार्टफोनधारकांना डोकं चालवावं लागेल अशी कामं दिली होती. काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. आवाज सगळ्यांचेच बंद. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांची कामगिरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरली. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक दर वेळी इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. मला त्यात पटतं ते एवढंच की फोन न बघण्यासाठीही मनाला काहीतरी खर्च करावं लागतं. ताटाशेजारी लाडवाचा डबा उघडा ठेवून मुलाला ‘आधी भाजी संपव’ म्हणण्यासारखं आहे ते.

दुसरी गोष्ट खरकट्याची. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला तरी त्याचं थोडं मन पहिल्याच कामात अडकून राहतं. ताट न घासता त्यातच पुढचं वाढून घ्यावं तसं. मुलगा म्हणतो, ‘मॅडम, एकच मेसेज बघितला, अर्धा मिनिट.’ तो खोटं बोलत नाही. अर्धा मिनिटच असतो. पण त्या मेसेजमध्ये कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, त्याला उत्तर द्यायचं राहिलेलं असतं, आणि पुढची दहा मिनिटं समांतर रेषांकडे बघणाऱ्या त्या डोळ्यांमागे तेच चाललेलं असतं.

लक्षात राहण्याचंही असंच आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त उरलं होतं. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, तेव्हा होत होतं ते हेच. पुस्तक मिटून आतून ओढून काढणं. मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. परवच्यामागे छडीही असायची, आणि कितीतरी घरांत मुलगे ओसरीवर पाढे म्हणत असताना मुली चुलीपाशी असायच्या. पण आठवताना जो ताण पडतो त्यानंच आठवण पक्की होते, हे त्या रीतीला ठाऊक होतं. आता नववीतल्या मुलाला पावणेदोनशेचे निम्मे किती विचारलं की तो खिशाकडे हात नेतो. त्याला येत नाही असं नाही. आठवून बघण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

ही सवय मुलांना लागली कधी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते फोनवर. ज्या घरांत एकच साधा फोन होता त्यांनी शेळी विकून, उसनवारी करून स्मार्टफोन घेतला, कारण शाळेनं सांगितलं होतं. आम्हीच सांगितलं होतं. २९ जूनला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची सुरुवात करून पाहिली तीही आपल्याच देशात. म्हणजे ज्या महिन्यांत तेरा वर्षांच्या पोराच्या हातात पहिल्यांदा फोन आला, त्याच महिन्यांत त्या फोनवर न संपणारी छोट्या चित्रफितींची रांग आली. वर्ग आणि रील एकाच काचेवर, एका बोटाच्या अंतरावर. पुस्तकाचं पान संपतं, धडा संपतो, मालिकासुद्धा अर्ध्या तासानं संपते. अझा रॅस्किन या तंत्रज्ञानं २००६ मध्ये न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली. तिचा आपल्याला पस्तावा होतो, असं त्यानं पुढे जाहीरपणे सांगितलं. जिथं शेवटच नाही तिथं ‘आता पुरे’ हे मुलानं स्वतः म्हणायचं. मोठ्यांना ते जमत नाही.

फोनमधून मुलं शिकत नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी त्रिकोणमितीचा एकच पाठ तीन-तीनदा थांबवून, मागे नेऊन बघते आणि माझ्यापेक्षा नीट समजून घेते. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासाचं काही ना काही फोनवर केल्याचं सांगितलं. समाजमाध्यमं वापरल्याचं सांगणारे ७६ टक्के होते. दोन्ही आकडे खरे, आणि दोन्ही एकाच फोनमधले. अडचण तीच आहे.

आणि मोठ्यांचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क माणसं काम करताना पडद्यावर एका जागी किती वेळ टिकतात ते अनेक वर्षं मोजत आल्या. २००४ मध्ये ते सरासरी अडीच मिनिटं भरलं होतं. अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंदांवर आलं. ही मोजणी शाळेतल्या पोरांची नव्हे, कामावरच्या मोठ्या माणसांची. पालकसभेत आई तक्रार करते, ‘मॅडम, हा फोन सोडतच नाही,’ आणि वडील तिच्या शेजारी बसून मांडीवरच्या फोनवर अंगठा फिरवत असतात. मी त्यांना काही बोलत नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही मधल्या सुट्टीत तेच चित्र असतं. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच रात्री साडेआठला गृहपाठ टाकायचे. तो बघायला म्हणून मूल फोन मागायचं आणि साडेदहाला तो परत द्यायचं. हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. आता गृहपाठ फळ्यावर लिहिते.

म्हणून ‘मुलांनी मनावर ताबा ठेवावा’ हा उपदेश मला अन्यायाचा वाटतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं दरमहा पैसे भरून अभ्यासिकेत एक खुर्ची घेतात. तिथं काय मिळतं? वीज, पंखा, पुढ्यात लाकडी फळीचं टेबल. पण मुख्य म्हणजे आजूबाजूला खाली मान घालून बसलेली चाळीस-पन्नास मुलं. त्या शांततेचे ते पैसे असतात. एकट्याचं लक्ष लागत नाही ते तिथं लागतं. ज्याला ते परवडतं तो घेतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. सात वाजता टीव्हीवर मालिका, आजोबांच्या फोनवर कीर्तन, धाकट्याच्या हातात कार्टून, आणि याच्या मांडीवर वही. त्याला मी कुठल्या तोंडानं म्हणू की तुझा निश्चय कमी पडतोय? लक्ष ही पाणवठ्यासारखी सगळ्यांची गोष्ट आहे. वरच्या बाजूला कुणी कपडे धुतले की खालच्याला गढूळ पाणी प्यावं लागतं.

ही गोष्ट एका गावाला कळली होती. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी त्या गावानं ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साऱ्या गावानं टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की मोकळं. मधला दीड तास वाचनाचा, अभ्यासाचा, एकमेकांशी बोलण्याचा. शाळा उघडल्यावरही मुलं फोनमधून बाहेर येत नाहीत, हे शिक्षक सांगत होते. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. बायकांसमोर विषय निघाला तेव्हा त्यांनी आपलंही मन मालिकांत अडकलंय हे आधी कबूल केलं आणि मग हो म्हटलं. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले.

या हकिगतीतली बायकांची कबुली मला भोंग्याहून महत्त्वाची वाटते. मुलांचे फोन काढून घ्या, असा तो ठराव नव्हता. सासूची मालिका, सुनेचा फोन, घरधन्याच्या बातम्या, सगळं एका वेळी बंद. मुलाला मग एकट्यानं काही सोडायचं उरत नाही. दीड तास काही फार नव्हे. दिवसाचे बाकीचे साडेबावीस तास गाव होतं तसंच. पण त्या वेळात बघायला दुसरं काही नसल्यामुळे अडलेलं उदाहरण समोर तसंच राहत असेल आणि मूलही त्याच्यापुढे बसून राहत असेल, असं मला वाटतं. त्यांच्याचकडून मी आमची खोली उचलली. गाव माझ्या हातात नाही, एक खोली आहे.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. फक्त अवधान द्या, म्हणजे सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं वचन देतात आणि लगेच म्हणतात की ही प्रौढी नव्हे, जवळच्या माणसानं केलेली विनवणी आहे. गणिताच्या तासाला मला हे फार आठवतं. हिसकावून घेतलेलं लक्ष आणि मागून मिळालेलं लक्ष यात फरक असतो, आणि मुलांकडे ते मागणारं माणूस दिवसेंदिवस कमी भेटतं.

समांतर रेषांच्या त्या उदाहरणापाशी अडलेला एक मुलगा एका संध्याकाळी अकरा मिनिटं तसाच बसून होता. मी घड्याळ लावलं होतं. हात तीनदा खिशाकडे गेला. चौथ्यांदा गेला नाही. त्यानं पेन्सिल उचलली आणि प मधून एक रेषा काढली. मी मनात पुस्तकातली, दोघींना समांतर अशी तिसरी रेषा धरून बसले होते. त्यानं लंब टाकला, वरपासून खालपर्यंत. चुकलं, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी गप्प राहिले. वर एक काटकोन त्रिकोण झाला, खाली एक झाला. वरच्यात ५० गेले, ४० उरले. खालच्यात ३० गेले, ६० उरले. सरळ रेषेचे १८० होते, त्यातून हे १०० गेले. त्यानं ८० लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पान उलटलं.