मोजणी गरिबांची, वाटणी कुणाची?

अमेरिकेतल्या शहरांना केंद्र सरकारकडून दरवर्षी सामुदायिक विकास अनुदान मिळतं. १९७४ साली अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने या अनुदानाचा कायदा झाला. अलीकडे वर्षाला सुमारे ३३० कोटी डॉलर सुमारे बाराशे शहरं, काउंट्या आणि राज्यांत वाटले जातात. या पैशासाठी मोठ्या शहरांना स्पर्धेत उतरावं लागत नाही, हिस्सा सूत्राने ठरतो. लोकसंख्या किती, दारिद्र्यात किती जण, घरांत गर्दी किती, १९४० पूर्वीची जुनी घरं किती, हे त्या सूत्रांतले घटक.

म्हणजे हे डॉलर महापौराच्या कर्तबगारीवर येत नाहीत. कुणाच्या तरी दोन खोल्यांत सात माणसं राहतात, कुणाच्या तरी महिन्याच्या हिशोबात भाडं भरल्यावर काही उरत नाही, म्हणून ते येतात. ज्यांच्या हलाखीची मोजदाद करून पैसा आणला, त्या पैशावर पहिला हक्क त्यांचाच. नगरपरिषद विश्वस्त आहे, मालक नव्हे. पण खर्चाची वेळ आली की विश्वस्ताला मालकाचा विसर पडतो, आणि हा विसर नेहमी एकाच बाजूला झुकलेला असतो.

हे कुणाला भाबडं वाटत असेल तर त्याने कायद्याचा इतिहास पाहावा. गरिबांना प्राधान्य द्या, असं मूळ कायद्यात होतं, पण किती ते लिहिलेलं नव्हतं. शहरांच्या सद्बुद्धीवर सोडलं होतं. १९८३ साली अट आली की निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के रक्कम अल्प आणि मध्यम-अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या हिताची असली पाहिजे. १९८७ साली ती ६० टक्के झाली, १९९० साली ७०. सद्बुद्धी पुरली असती, तर आकडा तीनदा लिहावा लागला नसता.

शिवाय या ७० टक्क्यांतही पळवाट आहे. ज्या वस्तीतले ५१ टक्के रहिवासी अल्प उत्पन्नाचे, तिथे रस्ता, पदपथ किंवा बाग केली की तो सगळा खर्च गरिबांसाठी झाला असं धरलं जातं. त्या पदपथाने कुणाच्या दुकानाचं गिऱ्हाईक वाढलं आणि कुणाचं भाडं वाढलं, हे कागदावर येत नाही. शहर इतकं सुखवस्तू असेल की ५१ टक्क्यांची वस्तीच फारशी सापडत नाही, तर नियम आणखी सैल होतो. मग त्यातल्या त्यात गरीब वस्त्या चालतात. रस्ते करू नयेत असं मी म्हणत नाही, गरीब वस्त्यांतले रस्ते बहुधा खरोखरच वाईट असतात. पण पदपथ हवा की छपराची दुरुस्ती, हे छपराखाली राहणाऱ्याने सांगायला हवं.

त्यासाठी कायद्यात सुनावणी आहे. वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या, आणि खर्चाच्या आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी किमान तीस दिवस. प्रत्यक्षात या सुनावणीला बोलायला येतात ते बहुधा संस्थांचे कार्यकर्ते: अन्नपेढीचे, वृद्धांना डबे पोचवणारे, घरातल्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांचा निवारा चालवणारे. माणसं सच्ची असतात. पण अशा सेवांवर अनुदानाच्या १५ टक्क्यांहून अधिक खर्च करायला सहसा मनाई आहे. म्हणून या संस्था त्या १५ टक्क्यांसाठी एकमेकींपुढे उभ्या राहतात आणि उरलेल्या ८५ टक्क्यांचा विषय निघतच नाही. ज्यांची मोजणी झाली ते तेव्हा कामाच्या पाळीवर असतात.

कागदी शपथेची किंमत न्यूयॉर्क शहराशेजारच्या वेस्टचेस्टर काउंटीने दाखवून दिली. अनुदान घेताना प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं की घरांच्या बाबतीतला भेदभाव दूर करायला आम्ही झटू. वेस्टचेस्टरनेही लिहून दिलं आणि ५ कोटींहून अधिक डॉलर घेतले. वंशभेदामुळे घर मिळायला कुठे अडथळा येतो, हे मात्र तपासलंच नाही. २००६ साली एका संस्थेने दावा लावला. आधार घेतला लिंकनच्या काळातल्या, सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्यांविरुद्ध केलेल्या कायद्याचा! सरकारला खोटं सांगून पैसे घेणारा कुणीही त्यात सापडतो, मग तो कंत्राटदार असो की काउंटी. २००९ साली न्यायालयाने त्या शपथा खोट्या ठरवल्या, आणि सव्वासहा कोटी डॉलरच्या तडजोडीत गोऱ्या वस्तीच्या गावांत परवडणारी ७५० घरं बांधायचं काउंटीला कबूल करावं लागलं. पुढेही वर्षानुवर्षं कुरबुर चालूच राहिली.

अशी उदाहरणं दाखवून योजनाच गुंडाळा म्हणणारे आहेत. २०१७ साली ट्रम्प प्रशासनाने अर्थसंकल्पात तोच प्रस्ताव ठेवला, अमेरिकी काँग्रेसने तो मानला नाही. विश्वस्त बेइमान निघाला म्हणून मालकाचं धन बुडवायचं, हा कुठला न्याय? हिशोब विश्वस्ताकडे मागायचा असतो.

तो मागणं कुणाला शक्य आहे? न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या उपनगरांत आपली मराठी माणसं पिढीभर राहिली आहेत. त्यांना इंग्रजी येतं, ताळेबंद वाचता येतो, गणेशोत्सवाला सभागृह हवं असलं की नगरपालिकेत कुणाला भेटायचं हेही ठाऊक असतं. पण शेजारी परवडणाऱ्या घरांचा प्रस्ताव आला, की त्यांच्यातले काहीजण शाळेचा दर्जा आणि घराची किंमत घेऊन विरोधाच्या रांगेत उभे राहतात. मुंबई-पुण्यात भाड्याच्या खोलीसाठी आडनाव आणि जात विचारली जाते, हे जाणणाऱ्यांनी तरी ते करू नये.

नियमांत दोन हत्यारं पडून आहेत. इंग्रजी न येणारे बरेच रहिवासी येण्याची शक्यता असेल तर त्यांची सोय कशी करणार, हे शहराने आधीच ठरवून ठेवायचं असतं. तेव्हा दुभाषा मागा, सुनावणी नगरभवनातून उचलून भाडेकरूंच्या इमारतीत, सुट्टीच्या दिवशी घ्यायला लावा. दुसरं, जी सूचना स्वीकारली नाही ती का नाही, याची कारणं अंतिम आराखड्याला जोडणं शहरावर बंधनकारक आहे. हरकतींच्या त्या तीस दिवसांत प्रत्येक पदपथापुढे, प्रत्येक बागेपुढे एकच प्रश्न लेखी टाकावा: इथे लाभार्थी म्हणून मोजलेली घरं कोणती, आणि त्यांना कुणी, कधी विचारलं? आराखडा वॉशिंग्टनला गेला की त्याची प्रत मागवून आपल्या प्रश्नापुढे काय कारण लिहिलं आहे ते पाहावं. रकाना कोरा असेल तर पुढच्या सुनावणीत पहिला प्रश्न त्याचाच.