अडलेली लेखणी

नियमित लिहिणाऱ्याची लेखणी अडते ती बहुधा विषय संपल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक वाक्य कागदावर येण्याआधीच मनात तोलले जाते म्हणून. यावर पहिला उपाय ठरलेल्या मुदतीचा. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले. साप्ताहिकाला स्फूर्तीची वाट पाहता येत नाही. अंक ठरल्या वारी निघावा लागतो. ही मुदत जाचक वाटते खरी, पण लिहिणाऱ्याला तारते तीच.

तिच्या जोडीला टिपणवही हवी. कापसाचा भाव, वेचणीला न मिळणारी माणसे, पैनगंगेचे पाणी, कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) शाळा, जे कानी पडेल ते त्याच दिवशी टिपले की लिहायला बसताना पान कोरे नसते. मजकूर आधी सलग उतरवावा, दुरुस्ती नंतर करावी; दोन्ही कामे एकदम केली की हात थांबतो. सुरुवात सुचत नसेल तर मधला भाग आधी लिहावा.

अण्यांची लेखणी उतारवयातही चालू राहिली. टिळकांवरील त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णव’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.