मळखेड आणि मिथ्यात्वाचा प्रश्न

निजामाच्या अमलात गुलबर्गा सुभ्यात मोडणारे आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलेले कागिणा नदीकाठचे मळखेड हे राष्ट्रकूटांचे मान्यखेट होय, आणि येथील राजाला अरब प्रवासी सुलेमानाने नवव्या शतकात जगातील चार थोर राजांत गणले होते, हे हैदराबादहून वाडीकडे गाडीने जाणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानी असते. गावात शिरून कोटाचे ढासळलेले बुरूज आणि शहाबादी दगडांच्या भिंतींची घरे पाहिली, म्हणजे ‘सर्व मिथ्या’ हे उद्गार सहज ओठांवर येतात.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. इ. स. ९७२ मध्ये माळव्याच्या सैन्याने हे नगर लुटले, हे धनपालाने आपल्या प्राकृत कोशात नमूद केले आहे. परंतु जे लुटले गेले ते होते म्हणूनच लुटले गेले. नेमिनाथाच्या बस्तीत चिमुकल्या तीर्थंकरमूर्तींनी भरलेली पंचधातूची एक देवळी आहे. ती ज्या जैन दर्शनाची, ते दर्शन उत्पत्ती, विनाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच सत्-वस्तूच्या ठायी मानते. उत्तरादी मठाच्या परंपरेप्रमाणे ज्यांचे वृंदावन, म्हणजे समाधी, याच गावी आहे, त्या माध्व आचार्य जयतीर्थ टीकाचार्यांनी तर ‘वादावली’ हा ग्रंथच जगाच्या मिथ्यात्वाचे खंडन करण्यासाठी रचला. अनित्य म्हणजे असत्य नव्हे, एवढ्यापुरते, ईश्वराविषयी टोकाचा मतभेद असूनही, जैन आणि माध्व हे दोन्ही शेजारी एकमताचे आहेत.

शके ७९३ च्या संजान ताम्रपटात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्याविषयी एक हकीगत कोरलेली आहे: प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट तोडून महालक्ष्मीला वाहिले. जग मिथ्या असेल, तर प्रजेचे ते दुःखही मिथ्या, वेदनाही मिथ्या आणि हे दानही मिथ्या ठरेल; माझी बुद्धी हे स्वीकारू शकत नाही. याच राजाने विवेकाने राज्यत्याग केला, असे त्याच्या नावावरील ‘प्रश्नोत्तररत्नमालिके’त म्हटले आहे, आणि जे मुळातच नाही त्याचा त्याग संभवत नाही. माळव्याच्या परमारांनी खजिना नेला, पण ते बोट दिले गेले होते ही गोष्ट त्यांना नेता आली नाही, किंवा पुढच्या कोणत्याही अंमलदाराला दप्तरातून खोडता आली नाही.

आषाढ वद्य पंचमीला टीकाचार्यांच्या आराधनेसाठी हैदराबादेहून माध्व कुटुंबे मळखेडला जातात. वृंदावनाचे दर्शन आणि तीर्थप्रसाद आटोपल्यावर त्यांनी, पंथभेद न आणता, नेमिनाथाच्या बस्तीतही जावे, असे मला मनापासून वाटते.